गोव्याचे कारभारी

आमच्या रोडपालीपासून पळस्पे फाटा फार दूर नाही. तेथून गोव्याचा रस्ता फुटतो. पेण, महाड, चिपळूण असे करीत हा महामार्ग कोकणच्या अंगाखांद्यावरून खाली उतरतो आणि पत्रादेवीपाशी गोव्यात शिरतो. २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सुरू झाले, तेव्हा आमच्या परिसरातील कितीतरी कुटुंबे याच वाटेने जाऊन आली. परतल्यावर एका रविवारी मिस्सानंतर गप्पा रंगल्या. कोणी बॅसिलिकेतल्या गर्दीविषयी बोलले, कोणी मांडवीवरच्या पुलांविषयी. बोलता बोलता एका तरुणाने सहज विचारले, ‘‘गोवा मुक्त झाल्यापासून तेथे मुख्यमंत्री झाले तरी किती?’’ आम्ही चारपाच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. भाऊसाहेब बांदोडकर आठवले, मनोहर पर्रीकर आठवले. मधली तीस-चाळीस वर्षे मात्र धुक्यात हरवल्यासारखी वाटली. त्या दिवसाच्या संकोचातून हा लेख जन्मला.

हा विषय आपल्याला परका नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चौल-रेवदंडा आणि आमच्या शेजारचे उरण-करंजा येथेही त्यांचा अंमल होता. आपल्या आडनावांवर, फेस्तांवर, चर्चच्या दर्शनी भिंतींवर तो काळ आजही उमटलेला दिसतो. दुसरीकडे, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते गोव्याच्या भूमीत, आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाचे साहित्यिक कुळ शोधू गेल्यास ते असे गोव्यात सापडते. म्हणून गोव्यात कोण राज्य करतो आणि तो कसा जातो, याचे आपल्याला अगत्य असायला हवे.

मुक्ती आणि पहिला कौल

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. साडेचारशे वर्षांचा अंमल भारतीय सैन्याच्या अवघ्या दीड दिवसाच्या कारवाईने आटोपला. प्रथम मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे लष्करी राज्यपाल म्हणून कारभार आला. त्यानंतर मुलकी प्रशासन सुरू झाले. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या तीस जागांसाठी पहिली निवडणूक झाली. ज्या लोकांना कित्येक पिढ्यांत खरे मत देण्याची सवय नव्हती, ते प्रथमच रांगेत उभे राहिले.

देशभर काँग्रेसचा वरचष्मा होता. गोव्यात मात्र तिचा धुव्वा उडाला. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे ‘मगो’ने, सत्ता मिळवली. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाला बारा जागा मिळाल्या. २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गंमत अशी की, त्यांनी स्वतः ही निवडणूक लढवलीच नव्हती. ते पुढे पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. खाणमालक असूनही त्यांचा खरा आधार होता तो भाटकारांच्या जमिनी कसणारा गरीब बहुजन समाज. १९६४ चा कूळ कायदा आणि खेडोपाडी उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक कामे म्हणावी लागतील. कसणाऱ्याच्या लेखी जमिनीची किंमत काय असते, हे सिडकोच्या भूसंपादनाने होरपळलेल्या आमच्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या ग्रामस्थांना वेगळे सांगायला नको.

मगोचे ध्येय त्याच्या नावातच होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. सिक्वेरांचा पक्ष याच्या ठाम विरोधात होता. वाद इतका विकोपाला गेला की, शेवटी केंद्र सरकारने लोकांनाच विचारायचे ठरवले. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, तर विरोधात १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांच्या फरकाने गोव्याने आपले वेगळेपण राखले.

या कौलाचे एक सोपे चित्र आपल्याकडे अनेकांच्या मनात आहे: मराठीवादी हिंदू एका बाजूला, कोकणीवादी ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला. हे चित्र अपुरे आहे. तेव्हा गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आतच होती. हजारो हिंदू मतदारांनी विरोधात मत दिल्याशिवाय हा निकाल लागलाच नसता. विलीनीकरणाविरुद्धची एक अत्यंत धारदार लेखणी तर मराठीतच चालली. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने विलीनीकरणाला कडवा विरोध केला. भाषेवर प्रेम करणे आणि त्या भाषेच्या राज्यात सामील होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या दैनिकाच्या वाचकांनी दाखवून दिले. आपण मराठीत प्रार्थना करतो म्हणून कोणी आपल्याला कमी ख्रिस्ती समजू नये आणि आपण ख्रिस्ती म्हणून कोणी आपल्याला कमी मराठी समजू नये, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा धडा जपून ठेवावा.

पुढे जे घडले ते अधिक विलक्षण होते. कौलात हरलेले बांदोडकर त्यानंतर दोनतीन महिन्यांतच सार्वत्रिक निवडणुकीला सामोरे गेले आणि जिंकले. एप्रिल १९६७ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांचा प्रमुख विचार लोकांनी नाकारला, पण माणूस स्वीकारला. नेत्यानेही लोकांचा नकार मुकाट्याने मान्य केला. लोकशाहीचे वय अवघे तीन-चार वर्षे असताना दोन्ही बाजूंनी दाखवलेला हा प्रौढपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

कन्या, आणि मग राणे

१२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. भारतात मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक होत. शेजारच्या आपल्या महाराष्ट्राला असा मान आजवर लाभलेला नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्या गरिबाला संरक्षण मिळाले. १९७७ ची निवडणूकही त्यांनी जिंकली. परंतु वडिलांच्या नावाने मिळालेली गादी वडिलांच्या वजनाने टिकत नाही. स्वपक्षातलेच काही आमदार उलटले आणि एप्रिल १९७९ मध्ये त्यांचे सरकार कोसळले. पक्षांतराच्या रोगाचे हे गोव्यातील पहिले ठसठशीत लक्षण होय.

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोची सत्ता गेली आणि प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. तेही मुळात मगोतूनच पुढे आलेले. मार्च १९९० पर्यंत, म्हणजे सलग दहा वर्षे, ते त्या खुर्चीवर राहिले. याच काळात भाषेचा प्रश्न पुन्हा पेटला. आंदोलने झाली, १९८६ च्या अखेरीस रक्तही सांडले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही सरकारी व्यवहारात वापराची मुभा राहिली. रोमी लिपीत वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि त्याच लिपीवर आपली तियात्रे पोसणाऱ्या कॅथलिकांना मात्र आपण दाराबाहेर राहिल्यासारखे वाटले. ती खंत अजून शमलेली नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले आणि विधानसभेच्या जागा चाळीस झाल्या.

येथवरचा हिशेब सोपा आहे: सव्वीस वर्षांत केवळ तीन मुख्यमंत्री. बांदोडकर, काकोडकर, राणे. आमच्या मिस्सानंतरच्या गप्पांत ज्या धुक्यात आम्ही हरवलो, ते यानंतर सुरू होते.

तेरा शपथा

१९८९ च्या अखेरच्या निवडणुकीत चाळीसपैकी वीस जागा काँग्रेसला आणि अठरा मगोला मिळाल्या. जानेवारी १९९० मध्ये राणे पुन्हा शपथबद्ध झाले. मार्चमध्ये काँग्रेसचे सात आमदार बाहेर पडले. २७ मार्चला चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री झाले, ते एकोणीस दिवसांपुरते. १४ एप्रिलला त्यांच्या जागी डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा आले. फुटण्यापूर्वी ते विधानसभेचे सभापती होते. ज्याने तराजू धरायचा तोच पारड्यात जाऊन बसला, असे तेव्हा म्हणता आले असते. शिक्षणाच्या इतिहासात मात्र या अल्पजीवी सरकारची नोंद करावीच लागेल. शिक्षणमंत्री झालेल्या शशिकलाताईंनी १९९० मध्ये ठरवले की, प्राथमिक शाळांना अनुदान मिळेल ते प्रादेशिक भाषांच्या माध्यमालाच. परिणामी चर्चच्या अनेक शाळा इंग्रजी सोडून कोकणीकडे वळल्या. आठ महिने टिकलेल्या सरकारचा हा निर्णय पुढची वीस वर्षे घराघरांत वादाचा विषय होऊन राहिला.

डिसेंबर १९९० मध्ये राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९९१ मध्ये मगोतून फुटलेले रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. त्यांच्या अपात्रतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९४ च्या त्या निकालाचा दाखला पक्षांतराच्या खटल्यांत आजही दिला जातो. मे १९९३ मध्ये निष्णात शल्यविशारद डॉ. विल्फ्रेड डिसोझा आले. एप्रिल १९९४ मध्ये राज्यपालांनी त्यांचे मंत्रिमंडळ बडतर्फ करून नाईकांना शपथ दिली. आठवडा उलटण्याआधीच पुन्हा डिसोझा! निवडणुकीनंतर डिसेंबर १९९४ मध्ये राणे परतले. जुलै १९९८ मध्ये डिसोझांनी वेगळा गट करून त्यांना खाली खेचले. नोव्हेंबरात लुईझिन फालेरो आले. फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा राष्ट्रपती राजवट. जूनमध्ये निवडणूक जिंकून फालेरो परत आले. नोव्हेंबरात फ्रान्सिस्को सार्दिन पक्षातून फुटून भारतीय जनता पक्षाच्या आधाराने मुख्यमंत्री झाले. ऑक्टोबर २००० मध्ये तो आधार निघाला आणि मनोहर पर्रीकर गादीवर बसले.

मोजून पाहा. जानेवारी १९९० ते ऑक्टोबर २००० या अकरा वर्षांहूनही कमी काळात मुख्यमंत्रिपदाच्या तेरा शपथा झाल्या, आणि शपथ घेणारी माणसे होती आठ.

या आठांपैकी आलेमाव, बार्बोझा, डिसोझा, फालेरो आणि सार्दिन हे पाच कॅथलिक होते. गोव्यात आजवर जे कॅथलिक मुख्यमंत्री झाले ते सगळे याच दशकात. आणि त्यांच्यापैकी एकालाही सलग एक वर्ष त्या खुर्चीवर बसता आले नाही. सार्दिन अकरा महिने टिकले, डिसोझा एका खेपेस साडेदहा महिने. हे वाचून काहींना वाटेल की, आपल्या माणसांवर अन्याय झाला. आम्हाला तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आलेमाव, बार्बोझा, १९९८ चे डिसोझा आणि सार्दिन यांनी ती खुर्ची मिळवली ती आपापला पक्ष फोडून. ज्या दाराने ते आत आले त्याच दाराने दुसरेही आत आले, आणि हे बाहेर पडले. समाजाचा माणूस गादीवर बसला म्हणजे समाजाचे भले झाले, हे समीकरण त्या दशकाने खोटे ठरवले.

असे का झाले?

काही कारणे माणसांच्या लोभात होती, काही गणितात आणि कायद्यात. चाळीस जणांच्या सभागृहात एकवीस म्हणजे बहुमत. दोन-तीन आमदार इकडचे तिकडे झाले की सरकार पडते. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक पळवाट होती: पक्षातले एक-तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि कोणाचेही पद जात नसे. मोठ्या राज्यात एक-तृतीयांश म्हणजे पन्नास-साठ माणसे जमवावी लागत. गोव्यात सहा जणांच्या पक्षातून दोघे निघाले तरी पुरे! फुटलेल्यांना मंत्रिपदाचे आमिष दाखवायलाही मर्यादा नव्हती. २००३ च्या घटनादुरुस्तीने ही एक-तृतीयांशाची पळवाट बंद केली आणि मंत्र्यांच्या संख्येवर बंधन घातले. गोव्यात आता बारांहून अधिक मंत्री होऊ शकत नाहीत. दोन-तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात ‘विलीन’ होण्याची वाट मात्र उघडीच राहिली.

त्याच साम्राज्याचे दुसरे लेकरू

गोव्याची ही कहाणी वाचून मन खट्टू होते. पण तुलनेसाठी जरा दूर, पश्चिम आफ्रिकेत जाऊ. तेथे गिनी-बिसाऊ नावाचा छोटा देश आहे. तोही पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता. १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील मुक्ती चळवळींची जी परिषद झाली, तिच्यात गिनीचे आमिल्कार काब्राल यांच्या पक्षाबरोबर गोव्याच्या संघटनाही होत्या. बार्देशचे सुपुत्र आकीन द ब्रागांझा यांनी तर आफ्रिकेच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले. म्हणजे दोन्ही भूमींच्या स्वातंत्र्याची स्वप्ने एका मेजावर बसून पाहिली गेली होती.

काब्रालांची जानेवारी १९७३ मध्ये हत्या झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि १९७४ मध्ये पोर्तुगालने ते मान्य केले. पहिले अध्यक्ष झाले आमिल्कार यांचे सावत्र बंधू लुईस काब्राल. १९८० मध्ये त्यांचेच पंतप्रधान जुआंव बेर्नार्दो व्हिएरा यांनी लष्करी उठावाने त्यांना दूर केले. १९९९ मध्ये यादवीनंतर व्हिएरांची सत्ता उलथली. २००० मध्ये निवडून आलेले कुंबा याला २००३ च्या उठावात गेले. २००५ मध्ये व्हिएरा मतपेटीतून परत आले, आणि मार्च २००९ मध्ये सैनिकांनी त्यांची हत्या केली. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष मालाम बाकाई सान्या यांचे २०१२ च्या जानेवारीत आजारपणाने निधन झाले. एप्रिलमध्ये पुन्हा उठाव. २०१४ मध्ये निवडून आलेल्या जोझे मारियो वाझ यांनी पाच वर्षांची मुदत पुरी केली, तेव्हा त्याचीच बातमी झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली.

हे आम्ही त्या देशाला हिणवण्यासाठी सांगत नाही. त्या लोकांना अकरा वर्षे जंगलात लढून स्वातंत्र्य मिळवावे लागले, आणि लढाई संपल्यावर बंदुका हातातच राहिल्या. गोव्याला आपल्यामागे एका मोठ्या प्रजासत्ताकाची घटना, न्यायालये आणि निवडणूक आयोग मिळाला. म्हणून तेरा शपथा झाल्या तरी एक गोळी सुटली नाही. पडलेला मुख्यमंत्री संध्याकाळी आपल्या घरी जाऊन जेवला आणि पुढच्या अधिवेशनात विरोधी बाकावर येऊन बसला. आपण हे गृहीत धरतो. ज्यांना ते लाभले नाही त्यांच्याकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते.

क्रूसासमोरची शपथ

२००० नंतर थोडे स्थैर्य आले. पर्रीकर २००५ पर्यंत राहिले. त्यानंतर राणे आले, मधल्या राष्ट्रपती राजवटीचे तीन महिने सोडले तर २००७ पर्यंत. दिगंबर कामत यांनी २००७ ते २०१२ अशी जवळजवळ पूर्ण मुदत सांभाळली. २०१२ मध्ये पर्रीकर परतले तेव्हा त्यांच्या पक्षातर्फे कॅथलिक आमदारही निवडून आले होते, आणि फ्रान्सिस डिसोझा उपमुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि लक्ष्मीकांत पार्सेकर आले. २०१७ मध्ये काँग्रेसला सतरा जागा मिळाल्या, भाजपला तेरा. तरी सरकार बनवले ते पर्रीकरांनी. १७ मार्च २०१९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले. २०२२ च्या निवडणुकीनंतरही ते पद त्यांच्याकडेच राहिले.

पण कायद्यातल्या उरलेल्या वाटेने वाहतूक चालूच होती. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार सत्ताधारी पक्षात गेले: बरोबर दोन-तृतीयांश. म्हणून २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, दर्ग्यात आणि बांबोळीच्या क्रूसासमोर नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. अकरा जण निवडून आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांतले आठ सत्ताधारी पक्षात गेले.

गोव्यात आम्हाला भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थाने याविषयी बोलताना एवढेच म्हटले, ‘‘क्रूसाला मध्ये आणायलाच नको होते.’’ आम्हाला ते पटले. शपथ मोडणाऱ्याचा दोष आहेच. परंतु ज्या गोष्टीला नागरिकाचा शब्द पुरेसा असायला हवा, तिथे देवाला जामीन ठेवण्याची पाळी यावी, यातच त्या शब्दाची किंमत किती उतरली आहे हे दिसते. १९६७ मध्ये बांदोडकरांना कोणी क्रूसासमोर किंवा देवीसमोर उभे केले नव्हते. लोकांनी ‘नाही’ म्हटले, त्यांनी ऐकले.

आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते: बांदोडकरांपासून सावंतांपर्यंत तेरा माणसे. नावे पाठ करण्याचे कारण नाही. पण यांतले कोण लोकांच्या मताने आले, कोण रात्रीतून आले, आणि लोकांनी नकार दिल्यावर कोणी तो मानला, एवढे मात्र लक्षात ठेवावे. रोडपालीत आपणही मत देतो, आणि आपल्या महाराष्ट्रातही पक्ष फुटल्याचे, रातोरात सरकारे बदलल्याचे आपण पाहिले आहे. गोव्याचा रस्ता पळस्पे फाट्यावरूनच सुरू होतो, आणि तो दोन्ही दिशांनी वाहता असतो.